बंब तापेना : दोष कोणाचा?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारपेठ, करपद्धती व पेढीचा कारभार यांवर जाणकारांचे लेख येतच असतात. आम्ही मात्र घरातील एका क्षुल्लक भासणाऱ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. कारण त्यापायी आमच्या हातून एक अन्याय घडला.

बेळगावच्या थंडीत आमच्या घरी स्नानाचे पाणी अद्यापि तांब्याच्या बंबातच तापते. अलीकडे लाकडाऐवजी आम्ही भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या, म्हणजे पेलेट, जाळतो. गेल्या हिवाळ्यात पाणी तापण्यास दुप्पट वेळ लागू लागला. माल हिणकस आहे असा ग्रह करून घेऊन आम्ही विक्रेत्यास कठोर शब्द सुनावले व पोती परत केली. दुसरीकडून माल आणला, तरी पाणी कोमटच!

तेव्हा मनात आले, की वखारीत तूट दिसली तर आपण काय पाहतो? माल मुळातच कमी आला, की आलेला माल आत कोठे अडकला? बंबाचेही तसेच आहे. आगच मंद आहे, की आग चांगली असून उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, हे प्रथम ठरवावे.

आग मंद असल्यास इंधन पाहावे. ओलसर धान्याचे वजन भरते, पण सत्त्व भरत नाही, इंधनाचेही तेच. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. लाकडाच्या भुशाच्या उत्तम पेलेटमध्ये ओल शेकडा १० हून अधिक नसते. पाणी लागताच कांडी फुगून तिचा भुगा होतो. तो जाळीच्या फटी बुजवितो, हवा कोंडते व धूर माजतो. सबब पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. माल चाळून, पाहून घ्यावा. त्यायोगे जीवजंतूंचीही जपणूक होते. राख रोज काढावी. भाताच्या तुसाच्या पेलेटची राख लाकडाच्या पेलेटहून कितीतरी अधिक असते, हे ध्यानात ठेवावे.

आग लखलखीत असूनही पाणी थंड राहिले, तर दोष बंबाच्या नळीत शोधावा. नळीला आतून काजळी धरते, पाण्याच्या बाजूने क्षारांचा थर बसतो. दोहोंमुळे उष्णता अडते व धुराबरोबर वाया जाते. आमचा बंब रिकामा करून पाहतो, तो कूपनलिकेच्या जड पाण्याने नळीवर पांढरे जाड कवच चढलेले! लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने ते विरघळविले, बंब अनेकदा धुतला, काजळी खरवडली. पाणी पूर्ववत तापू लागले.

एक इशारा मात्र विसरू नये. हवा कोंडलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरतो. बंब नेहमी मोकळ्या हवेत पेटवावा, व पाणी भरल्यावाचून कधीही पेटवू नये.

नंतर आम्ही त्या पहिल्या विक्रेत्याच्या दुकानी स्वतः जाऊन क्षमा मागितली. त्यांनी हसून चहा पाजला. परंतु पत हेच ज्याचे भांडवल, अशा व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या मालास नाव ठेवण्यापूर्वी आपल्या घरचा बंब उघडून पाहावा, एवढीच सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती.