‘त्याच्याकडे तर सगळं होतं ना!’: अँथनी बोर्डेन गेला तेव्हा लोक काय बोलले

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. आजच्या भागात आत्महत्येबद्दल बोललोय. आज नको वाटत असेल तर नंतर वाचा, काही हरकत नाही.)

आज थोडं मागे जाऊ. ८ जून २०१८, शुक्रवार. माझं बीटेक नुकतंच संपलं होतं, जॉइनिंगची तारीख यायची होती आणि आम्ही तिघं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर नुसते पडून होतो. संध्याकाळी फोनवर नोटिफिकेशन आलं: अँथनी बोर्डेन गेला. वय ६१. फ्रान्सच्या अल्सास भागात, केझर्सबर्ग नावाच्या छोट्या गावात शूटिंग चालू असताना, हॉटेलच्या खोलीत. त्याचा जवळचा मित्र, शेफ एरिक रिपेअर, सोबत आला होता. त्यालाच तो सापडला. आत्महत्या.

आम्ही त्याचे एपिसोड जेवताना बघायचो. समोर मेसचा डबा, आणि लॅपटॉपवर हा उंच माणूस कुठल्यातरी देशात रस्त्याकडेला बसून सूप पितोय. मी लगेच व्हॉट्सॲप स्टेटस टाकलं: ‘जगातली सगळ्यात भारी नोकरी होती याच्याकडे. तरी असं?’ खाली रडणारे दोन इमोजी. त्या स्टेटसकडे मी पुढे परत येणार आहे.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोर्डेनने सुरुवात केली भांडी घासण्यापासून, अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउनमध्ये. मग न्यूयॉर्कच्या किचनमध्ये बरीच वर्षं घाम गाळला. हेरॉइनचं व्यसन लागलं, त्यातून बाहेर पडला. हे त्याने स्वतःच लिहिलंय. २००० साली ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ हे पुस्तक आलं आणि चाळिशी उलटून गेल्यावर तो एकदम प्रसिद्ध झाला. मग टीव्ही: ‘नो रिझर्व्हेशन्स’, आणि २०१३ पासून सीएनएनवर ‘पार्ट्स अननोन’. आपल्याकडे पंजाबातही येऊन गेला.

आता लोकांच्या प्रतिक्रिया. त्या ढोबळमानाने चार प्रकारच्या होत्या.

पहिली, आठवणींची. २०१६ मध्ये हनोईत एका साध्या हॉटेलात बराक ओबामा आणि बोर्डेन प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून ‘बुन चा’ जेवले होते. बिल साधारण सहा डॉलर, ते बोर्डेनने दिलं. तो गेल्यावर ओबामांनी त्याच जेवणाचा फोटो टाकला. न्यूयॉर्कमध्ये तो जिथे शेफ होता ते ‘ले आल’ रेस्टॉरंट तेव्हा बंद पडलेलं होतं. लोकांनी त्याच्या बंद दारापाशी फुलं ठेवली, काचेवर चिठ्ठ्या चिकटवल्या. किचनमधल्या कामगारांना, स्थलांतरितांना वाटत होतं की टीव्हीवर आपल्याबद्दल आदराने बोलणारा आपला माणूस गेला.

दुसरी, माझ्या स्टेटससारखी. पैसा, प्रसिद्धी, फुकट प्रवास, उत्तम जेवण. मग का?

तिसरी, दोष देण्याची. काही दिवसांतच इंटरनेटने आरोपी शोधला. तेव्हा त्याचं जिच्याशी नातं होतं, तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. हे थांबवा, असं जाहीर पत्र काही लोकांना काढावं लागलं. बघा, ‘का’ला उत्तर मिळालं नाही की माणसं ‘कोणामुळे’ विचारायला लागतात.

चौथी प्रतिक्रिया सगळ्यात साधी होती. लोक फक्त हेल्पलाइनचा नंबर शेअर करत होते आणि लिहीत होते, ‘मीही या जागी होतो, त्यातून बाहेर आलो.’ तीनच दिवस आधी, ५ जूनला, डिझायनर केट स्पेडही अशीच गेली होती. आणि बोर्डेनच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचा अहवाल आला होता: १९९९ पासून २५ राज्यांत आत्महत्यांचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. ज्या राज्यांतून तपशील मिळाला, तिथे गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या मानसिक आजाराची आधी कुठेच नोंद नव्हती. म्हणजे ‘बघून तर काहीच कळलं नाही’ हा अपवाद नाही, हे बऱ्याचदा असंच असतं.

मग या चार प्रतिक्रियांनी काही फरक पडतो का? पडतो, आणि हे मोजलेलं आहे. २०१४ मध्ये रॉबिन विल्यम्स गेल्यानंतरच्या महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्या, असं संशोधकांना दिसलं. याउलट १९९४ मध्ये सिॲटलला गायक कर्ट कोबेन गेला तेव्हा सगळ्यांना हीच भीती होती. पण तिथे आत्महत्या वाढल्या नाहीत, हेल्पलाइनवरचे फोन मात्र वाढले. तिथल्या माध्यमांनी आणि संस्थांनी मदत कुठे मिळेल हे सतत सांगितलं, आणि त्या मृत्यूला थोर किंवा रोमँटिक बनवलं नाही, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगते: कसं केलं ते लिहू नका, एकच सोपं कारण देऊ नका, मदतीचा नंबर द्या. बोर्डेनच्या वेळी काही बातम्यांनी ‘कसं’ हेसुद्धा सविस्तर छापलं. आणि आज आपण सगळेच छोटे छोटे न्यूज चॅनल आहोत ना, आपल्या स्टेटससकट.

‘का’ची भूक पुढेही संपली नाही. २०२१ मध्ये त्याच्यावर ‘रोडरनर’ ही डॉक्युमेंटरी आली. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिलने नंतर सांगितलं की काही सेकंदांचा आवाज एआयने बनवलेला आहे. त्यातली एक ओळ बोर्डेनने एका मित्राला ईमेलमध्ये लिहिली होती: आपण दोघं यशस्वी आहोत, पण तू सुखी आहेस का, अशा अर्थाची. शब्द त्याचेच, पण ते तो कधी मोठ्याने बोलला नव्हता. लोक प्रचंड चिडले. मी कोड लिहिणारा माणूस. आवाज बनवणं तेव्हाही शक्य होतं, आता तर अगदी सोपं झालंय. मला खटकलं ते दुसरंच. आपल्याला उत्तर इतकं हवं होतं की ते मेलेल्या माणसाच्या तोंडून वदवून घेतलं.

आता माझं स्टेटस. त्याच रात्री गच्चीवर माझा फ्लॅटमेट म्हणाला, ‘ज्याच्याकडे सगळं होतं त्याला जगावंसं वाटलं नाही. माझ्याकडे तर काहीच नाहीये.’ त्याला तेव्हा प्लेसमेंट मिळाली नव्हती. मी हसून म्हणालो, ‘गप रे, नाटकं करू नकोस.’ खूप नंतर त्याने सांगितलं की त्या दिवसांत तो खरंच टोकाला पोहोचला होता. माझं स्टेटस वाचून तो गच्चीवर आला होता. मी काय म्हणतो ते बघायला. आज तो बरा आहे, आणि त्याच्या परवानगीनेच हे सांगतोय. त्याला वाचवलं त्याच्या ताईने. तिने एवढंच विचारलं, ‘मरावंसं वाटतंय का तुला?’ आणि उत्तर ऐकल्यावर उपदेश न करता त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. असं सरळ विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो हा गैरसमज आहे. उलट माणसाला बोलायला जागा मिळते.

तर मुद्दा हा. ‘त्याच्याकडे सगळं होतं’ हे आपण हळहळून म्हणतो, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागतो: दुःखी व्हायला कारण लागतं, आणि तुझं कारण पुरेसं नाही. बोर्डेन तुमचं स्टेटस वाचणार नव्हता. तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधला कोणीतरी वाचणार होता.

एरिक रिपेअर आणि होसे आंद्रेस या त्याच्या शेफ मित्रांनी २०१९ पासून त्याचा वाढदिवस, २५ जून, ‘बोर्डेन डे’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली. लोक त्या दिवशी त्याच्या आठवणी सांगतात. मला हे पटतं. माणूस गेला त्या दिवसापेक्षा आला तो दिवस लक्षात ठेवावा.

आणि हा नंबर सेव्ह करून ठेवा: १४४१६. ‘टेली मानस’, सरकारी सेवा, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. स्वतःसाठी नाही तर गच्चीवर येऊन उभ्या राहणाऱ्या मित्रासाठी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.