सुटीचा भूगोल (लेखांक ६) : समुद्र नसलेल्यांची चौपाटी

गेल्या दोन लेखांकांत आपण कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावांची सुटी पाहिली. रत्नागिरीचा माणूस मांडवीला किंवा भाट्याला जातो तेव्हा आपण सहलीला निघालो असे त्याच्या मनातही येत नाही. संध्याकाळी पायात चपला अडकवायच्या, तासभर वाळूत बसायचे, भेळ खायची आणि जेवायला घरी परतायचे. घाट चढून सातारा-सांगलीत आले की सुटीची भाषाच बदलते. इथे ‘कुठे जायचं’ याच्या आधी ‘गाडी कुणाची’ हा प्रश्न येतो. मग कास, ठोसेघर, महाबळेश्वर, तापोळा, नाहीतर थेट कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून गुहागर, गणपतीपुळे. जवळपास काहीच का नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : आपल्याकडे समुद्र नाही. ते खरे आहे, पण त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. रत्नागिरीकराला समुद्राच्या भव्यतेपेक्षा जास्त उपयोग होतो तो समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, फुकट आणि सर्वांना खुला असण्याचा. या तिन्ही गोष्टी सातारा-सांगलीच्या नदीकाठाला होत्या. या दोन जिल्ह्यांनी आपली चौपाटी वापरातून काढली आणि तिच्या जागी वर्षातून एकदोनदाच जाता येईल अशी ठिकाणे बसवली, असे माझे म्हणणे आहे.

आधी थोडा भूगोल. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. त्याच डोंगरातली सावित्री पश्चिमेला कडा उतरते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. कृष्णा मात्र समुद्राकडे पाठ करते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. या लांबच्या वाटेचा पहिला टप्पा या दोन जिल्ह्यांत पडतो. वाई, माहुली, कऱ्हाड, बहे, औदुंबर, सांगली, हरिपूर ही गावे एकाच काठाला ओवलेली आहेत. माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. आपल्याकडे संगमाला देऊळ, देवळाला घाट आणि घाटाला माणसे येतातच. त्यामुळे वाईपासून हरिपुरापर्यंत बांधलेल्या काठांची एक साखळीच तयार झाली, आणि तीही पर्यटन खाते वगैरे जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

हे घाट स्नानसंध्येपुरते होते असे समजणे चूक आहे. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो तो आळीआळीचा स्वतंत्र. हिवाळ्याच्या उत्तरार्धात भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी असे घाट पाळीपाळीने जागे होतात. मांडव पडतो, कीर्तन होते, गाणे होते, पंगती उठतात. परंपरा या उत्सवाचे नाते अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी जोडते. त्यातला धर्म बाजूला काढून पाहिले तरी उरते ते असे : गावाने वर्षातले कित्येक दिवस नदीकाठी मोकळ्या हवेत, एकमेकांच्या शेजारी बसून घालवायचे. औदुंबरला दत्ताचे देवस्थान आहे, आणि त्याच काठावर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या संमेलनाला येणारा श्रोता नदी पाहायला येतो की भाषण ऐकायला, हे वेगळे काढता येणार नाही. सांगलीत पावसाळ्यात पाणी चढले की होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी अशा काठच्या गावांचे संघ उतरतात, अरुंद लांब होडीत वल्हेकरी एका तालावर पाणी कापतात आणि घाट, पूल, काठ माणसांनी फुलून जातात. ना तिकीट, ना पार्किंगचा घोळ.

घाटाची रचनाही जरा जवळून पाहावी. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट घ्या. चित्रपटवाल्यांनी तो इतक्यांदा दाखवला आहे की अनेकांना तो ओळखीचा वाटेल. पायऱ्या रुंद आहेत, मध्येमध्ये टेकायला सपाट जागा आहे, वर झाडांची सावली आणि देऊळ. ज्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा टांगली आहे, तेही इथलेच. पण खरी करामत पायऱ्यांच्या उतरंडीत आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की बसण्याची जागा खाली सरकते आणि शेवाळ वाळलेल्या पायऱ्यांवर पोरे उड्या मारतात. आषाढात त्याच पायऱ्या पाण्याखाली जातात आणि बसणारा माणूस आपसूक चार पायऱ्या वर येतो. पाण्याची पातळी कोणतीही असो, माणसाला पाण्याजवळ बसता यावे एवढा एकच विचार या बांधणीत आहे, आणि आजच्या कुठल्याही ‘रिव्हरफ्रंट’च्या नकाशात तो इतक्या साधेपणाने उतरलेला दिसत नाही.

मग हा काठ सुटला कसा? नळ घरात आले आणि पाण्यासाठी नदीवर जाण्याचे कारण संपले. ही सोय होती, तिच्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. पण कामासाठी जाणारी माणसे थांबली तसे काठावर लक्ष ठेवणारे डोळेही गेले. गावाचे सांडपाणी नदीत सोडणे सोपे झाले, वाळू उपसणे सोपे झाले. त्याच काळात दुचाकी आणि चारचाकी घरोघरी आल्या आणि सुटी म्हणजे गावाबाहेर पडणे हे समीकरण पक्के झाले.

त्याचा भार कुणावर पडला ते कासला दिसते. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे पठार म्हणजे जांभ्या कातळावरचा मातीचा पातळ थर. ८५०हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद तिथे आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कास आहे. बहराचे दिवस असतात ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यातही रविवार मोजके. त्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. म्हणून दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली, शुल्क लावावे लागले, आगाऊ नोंदणी आली. मध्यंतरी कुंपणही घातले. पुढे गुरांची चराई थांबल्याने गवत माजते आणि फुले दबतात अशी ओरड झाली आणि ते काढावे लागले. मर्यादा योग्यच आहे, ती आणखी कडक केली तरी माझी तक्रार नाही. प्रश्न असा, की जिल्ह्यातल्या माणसाची मोकळ्या हवेची भूक अशा नाजूक जागेवर भागवायची वेळ का यावी? कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचेही तसेच. बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाणे, तापोळ्याला नौकाविहार, २०२४ पासून मुनावळ्याला जलपर्यटन, हे सगळे छानच आहे. पण त्याला अख्खा दिवस लागतो, गाडी लागते आणि चौघांच्या कुटुंबाला मोजावे लागणारे पैसे लागतात. साखर कारखान्यावर पाळी करणारा कामगार, दुकानात उभी राहणारी मुलगी, गुडघे दुखणारे आजोबा यांच्या सुटीत हे बसत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो घाणीचा. सांगलीत तो अगदी रास्त आहे. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते ही तक्रार काही पिढ्यांची झाली. ते पाणी उपसून धुळगावला शेतीसाठी नेण्याची योजना झाली, तरी दर उन्हाळ्यात नाल्याची बातमी छापून येतेच. अशा पाण्याकाठी कोण बसेल? पण आक्षेप घेणाऱ्यांनी कऱ्हाडही पाहावे. कृष्णा आणि कोयना जिथे जवळजवळ समोरासमोर येऊन भिडतात त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, आणि रोज संध्याकाळी गाव तिथे लोटते. तिथले पाणी फार वेगळ्या जातीचे आहे असे नाही. तिथे उजेड आहे, झाडलोट होते, बसायला जागा आहे आणि माणसांमुळे माणसे येतात. शिवाय जिथे रोज हजार माणसे बसतात तिथला नाला राजकीय प्रश्न होतो. ओसाड काठाचा नाला अभियंत्याच्या फायलीत पडून राहतो. पाणी आधी शुद्ध होईल, मग माणसे येतील असा क्रम धरून बसलो तर दोन्ही होणार नाही.

दुसरा आक्षेप पुराचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सांगलीत १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याआधी २००५ आणि त्यानंतर २०२१ ही सालेही लोक विसरलेले नाहीत. दर काही वर्षांनी बुडणाऱ्या जागेवर पैसा का घालायचा, असे करदात्याने विचारले तर ते चूक नाही. उत्तर असे, की घाट हा बुडण्यासाठीच बांधलेला असतो. वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली नदीच्या अगदी काठावर बांधले. त्याची पाण्याकडची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली, म्हणजे पुराचे पाणी फाकून दोन्ही अंगांनी निघून जावे. अडीचशेहून अधिक पावसाळे ते देऊळ तिथे उभे आहे. पुरात नुकसान होते ते काठावर नंतर घातलेल्या टपऱ्यांचे, रंगीत फरशांचे, कारंज्यांचे, संरक्षक भिंतींचे. तेव्हा काठावर खर्च करा म्हणजे काठावर बांधा असा अर्थ कुणी काढू नये. दगडी पायरी दुरुस्त करा, गाळ काढा, पूररेषेच्या वर स्वच्छतागृह आणि दिवे लावा, बाकी सोडून द्या. ठेकेदाराला यात फारसा रस वाटणार नाही, ही या सूचनेची अडचण आहे खरी.

सुरक्षिततेचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. भिलवडी-औदुंबर-ब्रह्मनाळच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसे ओढल्याच्या घटना झाल्या आहेत. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडतात आणि कमरेइतक्या पाण्यात चालणारा माणूस एकदम खोलात जातो. २०१९च्या पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून मोठी जीवितहानी झाली, ती खच्चून भरलेली आणि जीवरक्षक साधनांविना होती. अंधार पडल्यावर बाईमाणसाला घाटावर थांबावेसे वाटत नाही, हेही तेवढेच खरे. पण ही यादी नीट वाचली तर प्रत्येक बाबीवर कुणाचे तरी काम ठरलेले आहे असे दिसते. मगरीचा वावर कुठे आहे ते वन खात्याला ठाऊक असते, त्याचे फलक लागावेत. पोहण्याचे डोह ठरवावेत आणि तिथे पट्टीचे पोहणारे नेमावेत. सांगलीला अशा माणसांचा कधी तुटवडा नव्हता, महापुरात त्यांनीच कित्येकांना बाहेर काढले. आणि पाण्यात उतरलेच पाहिजे असेही नाही. गिरगाव चौपाटीवर जाणाऱ्यांतले पोहायला किती जातात?

राहिला पैशाचा मुद्दा. काठावर फिरणाऱ्याने जिल्ह्याला काय मिळते, पर्यटक हॉटेलात राहतो, गाडी भाड्याने घेतो, असे म्हणतात. हिशेब अर्धाच आहे. बाहेरच्या पाहुण्याचा पैसा काही ठिकाणी, काही महिने येतो. काठावरच्या गर्दीचा पैसा थोडा असतो, पण बाराही महिने येतो आणि भडंगाच्या गाडीवाल्याकडे, कणसे भाजणारीकडे, फुगेवाल्याकडे जातो. दोन्ही हवेत. आज धोरण मात्र एकाच बाजूचे आहे : जलपर्यटन, गिरिस्थान, नवे महाबळेश्वर या शब्दांना निधी आहे, आणि गावातल्या घाटाच्या निखळलेल्या पायरीला कुणी वाली नाही.

या सगळ्या युक्तिवादाला एक मोठी मर्यादा आहे. कृष्णाकाठ म्हणजे अख्खे सातारा-सांगली नव्हे. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथल्या माणसाला घाट आणि डोह यांची गोष्ट सांगणे ही थट्टाच होईल. तिथे नदी असलीच तर वर्षातले बरेच महिने वाळूच दिसते. तिथल्या सुटीची जागा वेगळी आहे : मायणीच्या तलावाचा काठ, श्रावणी सोमवारचा दंडोबाचा डोंगर. आणि काठापासून थोड्याच अंतरावर, देवराष्ट्र्याजवळ, धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून बोडक्या टेकड्यांवर उभे राहिलेले सागरेश्वर अभयारण्य. नदीविना चौपाटी कशी तयार होते, ते पुढच्या लेखांकात याच तीन जागांवरून पाहू.