गवताच्या भिंती व वीस हजार डॉलरांचें घर

घर बांधण्यासाठीं काढलेलें कर्ज शेतीस कसें खातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. याच प्रश्नाशीं झुंजणाऱ्या अमेरिकेंतील एका उपक्रमाची हकीकत येथें देतों.

आलाबामा संस्थानांतील हेल परगणा हा पूर्वींचा कापसाचा मुलूख असून तेथें दारिद्र्य फार. १९९३ सालीं ऑबर्न विद्यापीठांतील सॅम्युएल मॉकबी व डी. के. रूथ या अध्यापकांनीं तेथें 'रूरल स्टुडिओ' ही शाळा काढली. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानें खेड्यांत राहावें, घरधन्यास काय हवें तें विचारावें, आणि काढलेल्या नकाशाबरहुकूम स्वतः थापी धरून घर उभें करावें, अशी तेथील रीत आहे.

पहिलें घर १९९४ सालीं नातवंडें सांभाळणाऱ्या एका वृद्ध दांपत्याचें झालें. भिंती वाळलेल्या गवताच्या दाबून बांधलेल्या गांठींच्या. त्यांस वरून सिमेंटचा गिलावा. गवताची भिंत म्हणतांच वाचक हंसतील. पण गांठींत कोंडलेल्या हवेमुळें उन्हाळ्याची उष्णता व हिवाळ्याची थंडी पुष्कळ अडते. अशा भिंतीस खरी धास्ती पाण्याची, म्हणून जोतें उंच व वळचण लांब हवी. महसूल खात्याच्या चाकरींत पावसानें पडलेल्या घरांचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. मातीच्या भिंतीही बहुधा पायथ्याशीं ओल धरूनच बसलेल्या असत.

पुढें मातीनें भरलेल्या जुन्या टायरांचें प्रार्थनामंदिर, मोटारींच्या काचांचें सभागृह अशीं कामें झालीं व त्यांचा बोलबाला झाला. परंतु देणग्यांवर व विद्यार्थ्यांच्या फुकट मेहनतीवर उभें राहिलेलें घर शेजाऱ्यास कसें बांधतां यावें?

मॉकबी २००१ सालीं वारले. अँड्र्यू फ्रीअर यांच्या देखरेखीखालीं २००५ पासून विद्यार्थ्यांनीं हिशेब उलटा मांडला. वृद्धापकाळाच्या सरकारी वेतनावर जगणारा मनुष्य दरमहा किती हप्ता फेडूं शकेल तें आधीं पाहिलें, व त्यावरून मजुरीसुद्धां घराची किंमत वीस हजार डॉलर ठरविली. पैकीं सुमारें बारा हजार सामानास. बाकीच्यांत मजुरी व कंत्राटदाराचा नफा. आमच्या मतें शाळेचें मोलाचें काम हेंच.

अडचण मात्र निराळीच निघाली. घर स्वस्त झालें, तरी इतक्या लहान रकमेचें तारण-कर्ज देण्यास बँका नाखूष. कारण कागदपत्रांची खटपट लहान कर्जास व मोठ्या कर्जास सारखीच पडते. (कचेरींत बसून आम्हींही हाच अनुभव घेतला आहे.) म्हणून अलीकडे ते नकाशे अन्य संस्थानांतील गृहसंस्थांस देऊन, कर्ज व विमा यांची तजवीज त्यांच्या साह्यानें करण्याचा प्रयत्न चालला आहे.