उधाण आणि लिथियम

बायपोलरचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचा, पेशंट गोळ्या का सोडतो, याची घरच्यांकडे ठरलेली उत्तरं असतात: हट्टी आहे, ऐकत नाही, पुजाऱ्यानं काही सांगितलं असेल. खरं कारण पुष्कळदा तो स्वतःही बोलून दाखवत नाही. त्याला ते दिवस परत हवे असतात. तीन तासांच्या झोपेवर ताजंतवानं उठायचं, डोक्यात कल्पनांची रांग लागलेली, अनोळखी माणसाशीही जिवलगासारख्या गप्पा, रंग गडद, गाणं थेट आत पोचणारं. उन्मादाची ही सुरुवात सुखाची असते. आजारातून आलं म्हणून ते सुख खोटं ठरत नाही, आणि जो डॉक्टर हे मान्य करत नाही त्याच्याकडे पेशंट दुसऱ्यांदा फिरकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अडचण अशी की हे उधाण सौम्य पातळीवर थांबून राहत नाही. धानाचे चुकारे हाती आले की चार दिवसांत उडतात, बैलजोडी विकली जाते, भांडणं होतात, झोप पार जाते, कधी भास सुरू होतात. मग उतरण लागते, आणि आत्महत्येचा धोका त्या उतरणीवर मोठा असतो. आठवणीत मात्र पहिला आठवडाच राहतो. पुढचे तीन महिने बायको, आई, भाऊ लक्षात ठेवतात, कारण कर्ज त्यांनी फेडलेलं असतं. तोलायचं असेल तर पेशंटच्या आणि घरच्यांच्या आठवणी एकाच तराजूत घालायला हव्यात.

के रेडफील्ड जॅमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाई या आजाराच्या जाणकार आणि स्वतः त्याच्या पेशंटही. गोळ्या सोडण्याचा मोह त्यांनाही आवरला नव्हता. लिथियम हे औषध बंद करायचं, पुन्हा उन्माद, पुन्हा काळोख, आत्महत्येचा प्रयत्न, हे सगळं त्यांनी १९९५च्या आत्मकथनात लिहिलं आहे. विषय तोंडपाठ असणाऱ्या बाईंची ही गत, तर गडचिरोलीतल्या भामरागडच्या पोराला ‘कळत कसं नाही’ म्हणून रागावण्यात काय अर्थ आहे?

‘गोळ्यांनी माझ्यातली कला मरेल’ ही भीतीही तपासून झाली आहे. डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. १२ जण म्हणाले, काम वाढलं. ६ म्हणाले, फरक नाही. ६ जणांचं काम मात्र घटलं होतं. हे शेवटचे सहा मला महत्त्वाचे वाटतात. त्यांचं नुकसान खरं आहे. पण तिथे वाटाघाटीला जागा असते. डोकं जड होणं, सुस्ती, हात थरथरणं यांमागे कधी डोस जास्त असतो, कधी थायरॉईड मंदावलेलं असतं, कधी नैराश्य पुरतं गेलेलं नसतं. रक्त तपासून, डोस थोडा खाली आणून किंवा औषध बदलून यातलं बरंच सुधारतं. गुपचूप आणि एकदम गोळ्या सोडल्या, तर उन्माद काही आठवड्यांतच परत येऊ शकतो.

लिथियम हे मुळात एक मूलद्रव्य. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९मध्ये त्याचा उन्मादावरचा गुण दाखवला. औषध स्वस्त आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्या तोडीचं दुसरं क्वचितच. पण उपयोगाची आणि विषाची पातळी जवळजवळ असते: रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवायचं, आणि १.५च्या वर धोका.

आता चंद्रपूरचा मे महिना आठवा. पारा ४६-४७ अंशांवर, आणि माणसं पहाटेपासून तेंदूपत्त्यावर. घामावाटे मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड मीठ वाचवायला लागतं आणि मिठासारखंच दिसणारं लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, रक्तातली पातळी मात्र चढते. जुलाब-उलट्यांतही हेच होतं. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी पडली की आणखी भर. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, झोकांड्या जाणं ही विषबाधेची लक्षणं. दारूबंदी असली तरी गडचिरोलीत झोकांड्या खाणारा माणूस दिसला की लोक ‘प्यायलाय’ म्हणून मोकळे होतात. अशा वेळी पुढची गोळी थांबवून त्याला तडक दवाखान्यात न्यावं. या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारात मूत्रपिंडावरही परिणाम होतो, म्हणून लिथियम सुरू होण्याआधीच ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.

झोपेचंही तसंच. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. गावासाठी तो सणच. पण जागरणानं उन्माद पेटू शकतो, म्हणून बायपोलर असलेल्यानं पहिला अंक बघून घरी यावं हे बरं. मला हे सांगताना वाईट वाटतं, कारण नाटक अर्धं सोडणं या मुलखात सोपं नाही.

आणि पावसाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. औषधात खंड तिथे नदी पाडते, त्यात पेशंटचा दोष नाही. पावसाआधी जादा गोळ्या घरात हव्यात, आणि आशाताईंना त्या घराची माहिती हवी. फोन लागत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आणखी एक सोय दिली आहे, जी फार कमी घरांना माहीत आहे. निर्णयक्षमता शाबूत असताना माणूस लेखी सांगून ठेवू शकतो: पुन्हा तोल गेला तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, आणि माझ्या वतीनं कोणी बोलावं. उधाणाचं सुख आणि त्याची किंमत दोन्ही ज्यानं भोगलंय, त्यानं हे शांत डोक्यानं, बायको किंवा भावाला शेजारी बसवून लिहावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे याचा अर्ज मागा.