दोन कर्णांचा छेद आणि सोनेगावचा तळ

आर्वीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, नागपूरच्या सोनेगाव येथे वायुदलाचा तळ नेमका का वसला, आणि ‘नागपूर म्हणजे देशाचा मध्य’ हे शाळेपासून ऐकलेले उत्तर त्यास पुरेसे आहे काय. उत्तर अगदीच खोटे नाही; परंतु नागपुरातील ज्या शून्य मैलाच्या स्तंभाचा दाखला देऊन ते ठोकून दिले जाते, तेथील 1907 सालचा दगड सर्वेक्षण खात्याने उंचीमापनासाठी रोवलेला असून, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आणि देशाच्या मध्याचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, ही गोष्ट आमचे स्थानाभिमानी वक्ते सोयीस्करपणे विसरतात.

सोनेगावचे मैदान विमानांच्या उपयोगी आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1917-18 च्या सुमारास, आणि तेही ब्रिटिश लष्कराच्या रॉयल फ्लाइंग कोअर या हवाई शाखेसाठी. दुसऱ्या महायुद्धात हेच मैदान लष्करी विमानांच्या मुक्कामाची जागा झाले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा धावपट्टीचा हा सरंजाम आयता हाती आला होता, आणि युद्धोत्तर लिलावात स्वस्तात निघालेली डाकोटा विमाने देशातील लहानमोठ्या विमान कंपन्यांकडे गोळा झाली होती. या दोहोंचा संयोग रफी अहमद किडवाई नावाच्या, कोणतीही मसलत फार काळ लांबू न देणाऱ्या दळणवळणमंत्र्याशी झाला, तेव्हा 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दिवसभराची टपालपत्रे घेऊन निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावी एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी ती पुन्हा चारी दिशांना रवाना होत.

या योजनेतील गणित मला विलक्षण मोहक वाटते. चार शहरे एकमेकांशी थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागतात आणि दोन्ही दिशा धरल्या तर रोजची बारा उड्डाणे. मध्ये एक अड्डा योजला की चार मार्ग आणि आठ उड्डाणे पुरतात. आता हा अड्डा कोठे असावा? चारही शहरांपासूनच्या अंतरांची बेरीज किमान व्हावी अशी अट घातली, तर उत्तर नववीच्या भूमितीत सापडते: दिल्ली-मद्रास आणि मुंबई-कलकत्ता हे त्या चौकोनाचे दोन कर्ण जेथे छेदतात तो बिंदू. दुसरा कोणताही बिंदू घ्या. त्याच्यापासून दिल्ली आणि मद्रास यांच्या अंतरांची बेरीज त्या कर्णाहून कमी होऊ शकत नाही, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते, आणि दुसऱ्या कर्णाचेही तसेच. नकाशावर मी हे दोन कर्ण ओढून पाहिले, तर त्यांचा छेद नागपुरात पडत नाही. तो वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या आसपास, कपाशीच्या शेतांत पडतो!

म्हणजे भूमितीच्या हुकुमाबरहुकूम हा मान वर्धा जिल्ह्याचा होता, तो सोनेगावास का मिळाला? कारण सोनेगावी धावपट्टी होती आणि हिंगणघाटला नव्हती, हे तर झालेच. पण त्याहून रंजक कारण असे की, किमान बिंदूच्या भोवतीचा प्रदेश परातीच्या तळासारखा जवळजवळ सपाट असतो. छेदबिंदूपासून नागपूर सुमारे साठ किलोमीटर दूर. तरीही चार अंतरांची बेरीज, जी सुमारे 3,400 किलोमीटर भरते, ती या सरकण्याने पंधरा-वीस किलोमीटरांहून अधिक वाढत नाही. निसर्गाने येथे मोठी सवलत देऊन ठेवली होती, आणि त्या सवलतीचा लाभ घेण्यासाठी लष्कराने तीस वर्षे आधीच जागा साफ करून ठेवली होती. देशाचा मध्य हे कारण दुय्यम. मध्याच्या आसपास तयार असलेले लष्करी मैदान हे खरे कारण.

मुंबई-नागपूर ही सरळ रेषा ओढली तर ती आर्वी आणि पुलगाव यांच्यामधून जाते. तेव्हा त्या काळी आर्वीकरांना मध्यरात्रीपूर्वी जी घरघर दक्षिणेकडून ऐकू येत असेल, ती वीस मिनिटांत सोनेगावी उतरणाऱ्या डाकोटाची असावी, असा तर्क करण्यास हरकत नाही.

परंतु अंधारात वैमानिकास सोनेगाव सापडे कसे? जमिनीवरील दीपस्तंभाप्रमाणे रेडिओ-लहरी सोडणारे एक केंद्र आणि विमानात एक वळणारी वेटोळी अँटेना, हे मुख्य साधन. वेटोळ्याचे तोंड नेमके केंद्राकडे झाले की आवाज मावळतो आणि त्यावरून दिशा कळते. खिशातला जुना ट्रान्झिस्टर हातात धरून गोल फिरवला तर हाच प्रयोग कोणासही घरी करता येईल. यातील खोच अशी की, ही युक्ती दिवसा जितकी विश्वासू, तितकी रात्री नसते. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांतून परावर्तित झालेल्या लहरी जमिनीलगतच्या लहरींत मिसळतात आणि काटा भलतीकडे झुकतो. पावसाळ्यात तर तो केंद्र सोडून विजेच्या ढगाकडे बोट दाखवतो. म्हणूनच, रात्रीच्या उड्डाणास लागणारी साधने देशात पुरेशी नाहीत असे सांगत एअर इंडियाचे प्रमुख जे. आर. डी. टाटा यांनी या योजनेस जो विरोध केला, तो केवळ धंद्याच्या हिशेबातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री मद्रासकडे निघालेला डाकोटा नागपुराहून उडताच कोसळला आणि विमानातील 14 जणांपैकी 13 मृत्युमुखी पडले. किडवाईंच्या धडाडीचे कौतुक करणाऱ्यांनी ही नोंदही त्याच पानावर ठेवावी.

तथापि योजना टिकली, आणि 1970 च्या दशकापर्यंत चालली. एप्रिल 1973 मध्ये अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस कंपनीने मेम्फिस येथे सर्व विमाने रात्री एकत्र आणून पार्सले वाटण्यास आरंभ केला, तेव्हा त्या कल्पनेचा जो गाजावाजा झाला तो अद्याप व्यवस्थापनाच्या वर्गांतून ओसरलेला नाही. पहिल्या रात्री त्यांची पार्सले होती 186. सोनेगावच्या टपाल कारकुनांनी हाच उद्योग 24 वर्षे आधी, दिव्यांच्या अपुऱ्या उजेडात, कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाव न येता केला होता. आणि मिहान या नागपूरच्या मालवाहतूक-विमानतळ प्रकल्पाच्या प्रस्तावांत नागपूर मालवाहतुकीचे केंद्र ‘प्रथमच’ होणार असे कोणी लिहू लागला की मला हसू आवरत नाही.

वायुदलाने मात्र या भूगोलाचा धडा शांतपणे घेतला. विमानांची दुरुस्ती आणि सुटे भाग सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात वायुसेनानगरला आहे, आणि त्याचे दुरुस्ती कारखाने चंदीगड, कानपूर, ओझर असे दूरदूर पांगलेले आहेत. चहूकडे माल धाडणाऱ्याने मध्यावर बसावे, हे गणित तेथेही तेच. सोनेगावच्या तळावर 2003 साली उभ्या राहिलेल्या विंगकडे जी ‘गजराज’ म्हणजे आयएल-76 विमाने आली, ती स्वतःच्या वजनासह प्रत्येकी एकूण 190 टनांपर्यंत वजन घेऊन उडतात. डाकोटाचे सारे वजन बारा टनांच्या आसपास होते. अशा विमानाला मुंबई काय आणि कलकत्ता काय, दोन्ही जवळच. त्याला नागपूर सोयीचे आहे ते लांब धावपट्टीमुळे आणि सीमेपासूनच्या अंतरामुळे, आणि त्या दोन कर्णांचा छेद आता तेथील कोणाच्याही हिशेबात येत नसावा.