कर्तेपणाची सुटी

आपणां व्यापारी मंडळींचा प्रवास म्हणजे बहुधा दुकानाचेच दुसरे रूप असते. निघण्यापूर्वी महिनाभर तिकिटे, मुक्काम, देवदर्शन व भोजन यांची यादी तयार होते. कर्ता पुरुष पुढे चालतो, बायकामुले सामान मोजीत मागून येतात, आणि परतल्यावर खर्चाचा ताळा जमला की प्रवास सफल झाला असे आपण समजतो. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे भुसार मालाचा घाऊक व्यापार करणाऱ्या आम्हांसही याहून निराळा प्रवास ठाऊक नव्हता. २०१९ च्या जून महिन्यात तो ठाऊक झाला, आणि तोही आमच्याच चुकीने.

आमचा पुतण्या इंग्लंडातील लेस्टर शहरी नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही, आमच्या सौभाग्यवती व तेरा वर्षांचा नातू असे तिघे निघालो. चार दिवस लंडन पाहिले आणि सायंकाळी सेंट पँक्रस स्थानकावर लेस्टरची गाडी गाठली. सौभाग्यवतींना सामानासह डब्यात बसवून आम्ही नातवाला घेऊन पाणी आणावयास गेलो. तेथील दुकानात मसुरीचे एक लहानसे पुडके दिसले. धंद्याची खोड ती! पुडक्याचा भाव किलोवर नेऊन त्याचे रुपये करीत आम्ही उभे राहिलो. हिशेब बिनचूक आला. मात्र फलाटावर येतो तो गाडीची दारे मिटलेली. पाहता पाहता ती निघून गेली.

आमचा मोबाइल सौभाग्यवतींच्या पिशवीत होता, आणि तो उघडण्याचा आकडा आमच्या डोक्यात! लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण आमच्यावाचून त्या कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. मराठी, कानडी आणि कामापुरती हिंदी एवढीच त्यांची भाषा. नातू म्हणाला, “आजोबा, आजीजवळ तिचं तिकीट आहे. ती बरोबर उतरेल.” आम्ही त्याच्यावरच रागावलो.

अर्ध्या तासाने दुसरी गाडी मिळाली. सौभाग्यवतींना रात्रिभोजनत्यागाचे व्रत आहे. दशम्यांचा डबा त्यांच्याजवळ होता खरा, पण आमची वाट पाहत त्या उपाशी बसणार हे आम्ही जाणून होतो. घड्याळात सात वाजले, साडेसात वाजले. बेळगावास या दिवसांत सात वाजून गेले की सूर्य मावळतो. आता आजचे भोजन चुकले, आणि ते आमच्या मसुरीपायी चुकले, या विचाराने मन खात होते. काळजीच्या भरात खिडकीबाहेर पाहण्याचेही सुचले नाही. लेस्टरला उतरलो तो घरांच्या छपरांवर लख्ख ऊन! जूनमध्ये तेथे साडेनऊच्या सुमारास सूर्यास्त होतो.

फलाटावरील बाकावर सौभाग्यवती एका गुजराती बाईंशी बोलत बसल्या होत्या. “अहो, केवढे घाबरलात! बसा, सूर्य अजून वर आहे,” असे म्हणून त्यांनी डबा उघडला.

त्या बाईंची व त्यांची ओळख गाडीतच झाली होती. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यास ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. आमच्या शहरी येऊ नका, अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. तरीही हजारो कुटुंबे तेथेच आली, आणि त्यांच्या दुकानदारीने त्या शहराच्या कित्येक पेठा पुन्हा उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, “तुमची गाडी चुकली तरी घर जागेवर आहे. आमच्याजवळ परतीचे तिकीटच नव्हते.” आमच्या अर्ध्या तासाच्या घबराटीची आम्हांस लाज वाटली.

रात्री आम्ही सौभाग्यवतींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “भीती वाटली ती पहिली दहा मिनिटे. मग बाहेर पाहू लागले. इतक्या वर्षांत खिडकीची जागा मला आजच मिळाली. एरवी खिडकीशी तुम्ही बसता.” बेचाळीस वर्षांचा हा जमाखर्च आमच्या कोणत्याच वहीत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ठरले, की रोज एकाने पुढे व्हावे आणि इतरांनी मुकाट्याने मागे चालावे. सौभाग्यवतींनी वाट विचारीत विचारीत आम्हांस जैन मंदिरात नेले. एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे रूपांतर करून ते १९८८ मध्ये सिद्ध झाले. दिगंबर, श्वेतांबर व स्थानकवासी या सर्वांची सोय तेथे एकाच छपराखाली आहे. नातवाने आपल्या दिवशी बाजारचौकातील एका इमारतीपुढे आम्हांस उभे केले. “आजोबा, हे तुमच्या धंद्याचं घर!” ते १८५० च्या दशकातील कॉर्न एक्स्चेंज होते. अशा गृहांत पोती न आणता धान्याची वानगी दाखवून सौदे होत. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य येऊ लागले आणि इंग्लंडातील अशा अनेक गृहांची रया गेली. आम्ही पाहिले तेव्हा तेथे मद्यगृह होते. आत अर्थातच गेलो नाही. पण बाहेरच्या पुलासारख्या जिन्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. संगणकावरून सौदे करावेत असे आमचा मुलगा दोन वर्षे विनवीत होता, आणि आम्ही त्याला बोलू देत नव्हतो. परत आल्यावर एका हंगामापुरते पुढारपण त्याला दिले. तोटा झाला नाही.

बेळगावातही हा क्रम चालू आहे. पहिल्याच रविवारी सौभाग्यवतींनी सर्वांना किल्ल्यातील कमल बस्तीत नेले. दुकानापासून पायी जाण्याचे अंतर. दर्शन घेऊन घाईने परतण्याचा आमचा परिपाठ. त्या दिवशी त्यांनी आम्हांस खाली बसविले व वर पाहावयास लावले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधविलेल्या या मंदिराच्या छतात दगडी कमळ आहे. भूत, वर्तमान व भविष्य अशा तीन चोविशींतील तीर्थंकरांच्या बहात्तर पाकळ्या त्याला आहेत. नातू मोजीत होता, चुकत होता, पुन्हा मोजीत होता. आम्ही जन्मभर पोती मोजली. या पाकळ्या मात्र आयुष्यात प्रथमच मोजल्या.

सभासद बंधूंनो, येत्या सुटीत सिंगापूरला जा अथवा स्तवनिधीला जा. एक दिवस पुढारपण घरातील दुसऱ्या कोणाकडे द्या. थोडी वाट चुकेल, एखादी गाडीही चुकेल. ते नुकसान सोसण्याजोगे आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या घरी तर नियमच झाला आहे : जाताना खिडकीशी सौभाग्यवती, येताना आम्ही. मात्र परतीच्या प्रवासात आम्हांस झोप लागते, आणि जागे होऊन पाहावे तो जागांची अदलाबदल झालेली असते.