रिकाम्या खुर्च्यांची साक्ष

सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे कलावंताच्या आजवरच्या कामाचा लेखाजोखा. आरंभीच्या कलाकृतींपासून अलीकडच्या कामापर्यंत सारे एका छताखाली आणून संग्रहालय तो प्रेक्षकांपुढे मांडते. पण ज्या कलावंताची काही महत्त्वाची कामे दालनात आणताच येत नाहीत, त्याचे सिंहावलोकन कसे करायचे? कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेडो यांच्या प्रदर्शनामुळे हा प्रश्न उभा राहिला. शिकागोच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टने २०१५ मध्ये भरविलेले हे प्रदर्शन त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातही गेले.

बोगोटा येथे १९५८ साली जन्मलेल्या साल्सेडो यांच्या कलेचा मुख्य विषय आहे राजकीय हिंसाचारात मारली गेलेली वा बेपत्ता झालेली माणसे आणि मागे उरलेल्यांचा शोक. पीडितांच्या आप्तांना भेटून, त्यांचे म्हणणे ऐकून त्या काम करतात. तरीही कलाकृतीत रक्त वा चेहरे दिसत नाहीत. दिसतात त्या रोजच्या वापरातील वस्तू. ‘अट्राबिलिआरिओस’मध्ये भिंतीतील कोनाड्यांत जुनी पादत्राणे आहेत आणि त्यांवर प्राण्याच्या शरीरातील पातळ पापुद्रा शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवला आहे. छळ होऊन मृत्यू पावलेल्या एका परिचारिकेसाठी त्यांनी हजारो गुलाबपाकळ्या टाके घालून जोडल्या आणि त्यांची विस्तीर्ण चादर केली.

या वस्तू दालनात मांडता येतात. अडचण होती ती सार्वजनिक जागांतील कामांची. नोव्हेंबर १९८५ मध्ये बंडखोरांनी बोगोटातील न्यायभवन ताब्यात घेतले. त्यानंतर लष्कराने केलेल्या कारवाईसह दोन दिवसांच्या संघर्षात न्यायाधीशांसह सुमारे शंभर जणांचा बळी गेला. सतरा वर्षांनंतर, २००२ मध्ये, त्याच तारखांना नव्या न्यायभवनाच्या छतावरून सुमारे २८० रिकाम्या खुर्च्या भिंतींलगत हळूहळू खाली सोडण्यात आल्या. ५३ तासांनी काम संपले आणि तेथे काहीच उरले नाही. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००७ साली त्यांनी जमिनीत पाडलेली १६७ मीटर लांबीची भेग पुढे बुजविण्यात आली; तिचा व्रण मात्र अजूनही दिसतो.

अशा कामांची नक्कल दालनात उभी करण्याचा मोह शिकागोच्या संग्रहालयाने टाळला. त्याऐवजी त्यांवर एक लघुपट तयार केला. लघुपटातून प्रत्यक्ष अनुभव मिळत नाही, हे खरे. परंतु ही उणीव साल्सेडो यांच्या कलेशी विसंगत नाही. कोनाड्यातील पादत्राणेही ती घालणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. ते माणूस आता नाही, एवढेच ती सांगतात.

याच प्रदर्शनातील ‘प्लेगारिया मुडा’ या मांडणशिल्पात शवपेटीच्या आकाराची टेबले एकावर एक उलटी ठेवली आहेत. दोहोंमध्ये मातीचा थर असून लाकडाच्या फटींतून गवताची पाती वर येतात. हे गवत जिवंत आहे. प्रदर्शन सुरू असेपर्यंत त्याची निगा राखण्याची जबाबदारी संग्रहालयावर येते.